येथे पर्यटक येत नाहीत

कवळीवाले रोज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी मावशींच्या खाणावळीत जेवायला जात असत, आणि एकोणीस वर्षांत या घटनेची कोणत्याही सरकारी यंत्रणेने दखल घेतली नव्हती. कवळीवाल्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती. समोरच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची कामाची खोली होती. शहरातले दंतवैद्य लोकांच्या जबड्यांचे ठसे त्यांच्याकडे पाठवत आणि त्या ठशांवरून कवळीवाले दात घडवत. सकाळभर खिडकीशी बसून परक्यांच्या दाढा घासायच्या आणि एक वाजला की हात धुऊन स्वतःच्या दाढा कामाला लावायच्या, असा त्यांचा क्रम होता. बायको जाऊन बारा वर्षे झाली होती. घरी स्वयंपाकघर होते, पण त्यात फक्त चहा होत असे.

खाणावळीला नाव नव्हते आणि पाटीही नव्हती. आत सहा टेबले, हात धुवायच्या बेसिनजवळ कवळीवाल्यांची खुर्ची, आणि जेवणात दोनच पदार्थ, एक पातळ आणि एक घट्ट. आज काय आहे असे विचारायची पद्धत नव्हती. मावशी वाढतील ते खायचे आणि ताटात टाकायचे नाही. कोणी टाकलेच, तर मावशी कमरेवर हात ठेवून त्या ताटाकडे बघत आणि घरी काय बिनसले आहे ते विचारत. बहुतेक वेळा काहीतरी बिनसलेले असेच. कवळीवाल्यांची बायको गेली त्या महिन्यात मात्र मावशींनी काही विचारले नव्हते. ताट वाढून त्या समोरच्या खुर्चीवर बसून राहायच्या आणि ताट रिकामे झाले की उठायच्या. असे तीनेक आठवडे चालले. त्या विषयावर पुढे दोघांपैकी कोणी अवाक्षर काढले नाही.

एका मंगळवारी टाचेला फोड आलेली एक परगावची बाई औषधाचे दुकान शोधत त्या गल्लीत शिरली. मावशींनी तिला आत बसवले, टाचेला मलम लावले, जोडे घेताना डोळे कुठे होते म्हणून झापले आणि जेवू घातले. बाई डोळे पुसत गेली. ही बाई गावोगाव फिरून त्याविषयी लिहिणारी होती. तिने लिहिले की अख्ख्या शहरात जिथे एकही पर्यटक फिरकत नाही अशी ही एकमेव जागा आहे, आणि कृपा करून हे कोणालाही सांगू नका. हे गुपित तिने फक्त आपल्या वाचकांच्या कानात सांगितले. तिचे वाचक तीन लाख होते.

पंधरा दिवसांत पर्यटक नसलेली जागा पाहायला पर्यटकांची रीघ लागली. येणारा प्रत्येक जण दारातून आत बघे आणि आधीच बसलेल्या पर्यटकांना पाहून त्याचा चेहरा उतरे. सवतीने सवतीकडे पाहावे तसे ते एकमेकांकडे पाहत. आपण सोडून बाकी सगळे पर्यटक आहेत, याबद्दल प्रत्येकाची खात्री होती. मग त्यांची नजर हिरमुसून खोलीभर फिरे आणि शेवटी बेसिनजवळच्या खुर्चीवर येऊन स्थिर होई. कवळीवाले व्यवसायामुळे प्रत्येक घास बत्तीस वेळा चावत. एका जोडप्याने ते सगळेच्या सगळे बत्तीस वेळा चित्रित केले आणि ‘संथ जगण्याचे रहस्य’ म्हणून जगापुढे ठेवले. तुम्ही काय खाताय, असे एकाने त्यांना अदबीने विचारले. पातळ, असे कवळीवाले म्हणाले. त्या दिवसापासून लोक दारातूनच ‘पातळ’ मागू लागले आणि ते कसे उच्चारायचे याबद्दल रांगेत वाद होऊ लागले.

तक्रारीही आल्या. शहराच्या पर्यटन विभागाकडे एका महिन्यात चारशे पर्यटकांनी लेखी कळवले की सदर ठिकाणी पर्यटकांचा उपद्रव फार आहे. विभागाने प्रकरण गांभीर्याने घेतले आणि ‘अस्पर्शित भोजनस्थळ संवर्धन कक्ष’ स्थापन केला. या कक्षाचे अधिकारी एक मऊ बोलणारे, थकलेल्या डोळ्यांचे गृहस्थ होते. ते स्वतः कचेरीतच डबा खात, कारण गेल्या काही वर्षांत त्यांनी ज्या ज्या जागेचे संवर्धन केले तिथे त्यांना बसायला जागा उरली नव्हती. एका सकाळी ते खाणावळीत आले, मावशींना नमस्कार केला आणि उभ्यानेच आदेश वाचून दाखवला. ही खाणावळ आजपासून ‘पर्यटकविरहित भोजनस्थळ, श्रेणी अ’ असून तिच्या मूळ रूपात कसलाही बदल करता येणार नाही.

मूळ रूप म्हणजे टाचेला फोड आलेली ती बाई आली त्या दिवशीचे रूप. दुर्दैवाने मावशींनी मधल्या काळात हौसेने भिंतींना नवा रंग लावून घेतला होता. कक्षाने कारागीर पाठवले. त्यांनी तीन दिवस खपून नवा रंग खरवडला, जुन्या छायाचित्रांवरून जुने पोपडे जागच्या जागी चिकटवले आणि ते पडू नयेत म्हणून वरून पारदर्शक लेप दिला. पाटी नसणे हे या जागेचे वैशिष्ट्य असल्याने ते लोकांच्या ध्यानात यावे म्हणून दारावर पाच भाषांत मोठी पाटी लावण्यात आली, ‘या ठिकाणाला पाटी नाही’. मावशींचा फटकळपणा शहराचा ठेवा म्हणून नोंदवला गेला आणि तो जपला जावा यासाठी दर तासाला किमान चार ग्राहकांना झापण्याचे बंधन मावशींवर घालण्यात आले. चुलीजवळ त्याचा तक्ता लावला. एकेकाला झापले की त्यावर एक खूण करायची आणि शेजारी वेळ लिहायची.

मावशींनी विचारले, की एखाद्या तासाला कोणी चुकलेच नाही तर काय करायचे.

“चुका होतात हो,” अधिकारी समजुतीने म्हणाले. “आपण फक्त त्या वेळेवर शोधायच्या.”

सर्वांत महत्त्वाची अट शेवटी होती. कोणत्याही क्षणी खाणावळीतल्या शंभरातल्या साठ खुर्च्यांवर स्थानिक माणसे असली पाहिजेत. प्रत्यक्षात खुर्च्या चोवीस होत्या, पण आदेश सगळ्या शहरासाठी एकच छापला होता.

दुसऱ्या दिवशी एक वाजून दहा मिनिटांनी कवळीवाले आले तेव्हा दाराशी दोन रांगा आणि एक पहारेकरी उभा होता. एक रांग पर्यटकांची, दुसरी स्थानिकांची. कवळीवाले दुसऱ्या रांगेत उभे राहिले आणि दाराशी पोचल्यावर पहारेकऱ्याने त्यांच्याकडे स्थानिक असल्याचा दाखला मागितला. एकोणीस वर्षे इथेच जेवतो आहे, असे कवळीवाल्यांनी सांगितले. पहारेकरी वैतागला नाही. त्याने मागच्या रांगेकडे बोट केले आणि सांगितले की आत जायला मिळावे म्हणून सगळे हेच म्हणतात, मघाशी एक जण तर दुसऱ्या खंडातून आलेला होता आणि त्याने पंचवीस वर्षे सांगितली. कवळीवाल्यांनी त्याच्या खांद्यावरून आत पाहिले. मावशींनीही पाहिले. त्यांच्या हातात वाढायचा डाव होता, आणि समोर उभ्या असलेल्या सात जणांना त्यांचे डावासह छायाचित्र हवे होते.

दाखला कक्षात मिळत असे. अर्ज नऊ पानी होता. जन्म, निवास, व्यवसाय ही पाने कवळीवाल्यांनी झरझर भरली, पण सातव्या पानावर प्रश्न होता, ‘आपण स्थानिक आहात हे इतरांच्या सहज लक्षात येते काय? उदाहरणांसह लिहा.’ त्यांनी ‘कधी कोणाला विचारले नाही’ असे लिहिले. आठवड्याने तपासणीसाठी बोलावणे आले. एका खोलीत टेबल मांडून त्यांना जेवायला बसवले होते, आणि काचेपलीकडे तिघे जण टिपणे घेत होते. कवळीवाले नेहमीप्रमाणे खाली मान घालून, सदऱ्याची वरची गुंडी लावलेली ठेवून, आवाज न करता जेवले. निकाल प्रतिकूल लागला.

अधिकाऱ्यांनी त्यांना आत बोलावून खुर्ची दिली, पाणी दिले.

“तुम्ही स्थानिक आहात याबद्दल आमच्या मनात शंका नाही,” ते म्हणाले. “पण तुम्ही तसे वाटत नाही. आणि आमचा कक्ष वाटण्यासाठी आहे. असण्यासाठी वेगळा विभाग आहे, तो सध्या बंद आहे.”

“मग मी काय करू?”

“तीन दिवसांचं प्रशिक्षण आहे. सगळेच घेतात. मीही घेतलं.”

प्रशिक्षण देणारा तरुण दोन दिवसांपूर्वीच या शहरात आला होता आणि त्याला अजून उतरल्या जागेचा रस्ता सापडत नव्हता. स्थानिक माणसे टेबलावर थाप मारून बोलतात, शेजारच्याच्या ताटातले उचलून खातात, मोठ्याने हसतात आणि वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला खांद्याला धरून आपल्या आजोबांची गोष्ट सांगतात, असे त्याने शिकवले. कवळीवाल्यांच्या वर्गात त्यांच्याच रांगेतले एक निवृत्त बसवाहक होते. चाळीस वर्षे पुढे सरका म्हणून ओरडत आल्यामुळे ते पहिल्याच सकाळी उत्तीर्ण झाले. कवळीवाल्यांना थाप जमेना. साच्यांना हळुवार हाताळून त्यांच्या हाताला जोर असा राहिलाच नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे मिटून एक थाप मारली, पाण्याचा पेला लवंडला, आणि त्यांना सहा महिन्यांचे तात्पुरते प्रमाणपत्र मिळाले. सोबत बिल्ला मिळाला. तो पर्यटकांना दिसता कामा नये आणि निरीक्षकाला दिसलाच पाहिजे, असा नियम असल्याने कोटाच्या आतल्या बाजूला लावायचा होता.

मधल्या पाच आठवड्यांत कवळीवाले खिडकीशी बसून, मांडणीवरच्या तीस-चाळीस जबड्यांच्या समोर, कोरडा पाव खात होते. त्यांचा कोट त्यांना सैल होऊ लागला होता. बिल्ला लावून ते आत गेले तेव्हा त्यांना गहिवरून आले होते. पण बेसिनजवळच्या खुर्चीवर दाढीवाला एक मनुष्य बसून आजोबांची गोष्ट सांगत होता. खाणावळीतले स्थानिक आता नाटक कंपनीतून आणले जात. त्यांना मावशींचे जेवण सोसत नसल्याने ते घरून जेवून येत. कवळीवाल्यांना खिडकीजवळ जागा मिळाली. त्यांनी पातळ संपवले, घट्ट संपवले, ताट बोटाने पुसून घेतले. तेवढ्यात मावशी आल्या, तक्त्याकडे वळून पाहिले आणि कमरेवर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, घरी काय बिनसलंय तुमच्या.

कवळीवाल्यांनी आपले ताट पुन्हा पाहिले. ताट तर लख्ख होते.

मावशी पाणी ओतायच्या निमित्ताने खाली वाकल्या. “ओरडून घेऊ द्या हो,” त्या पुटपुटल्या. “या तासाला एक कमी पडतोय. आणि उद्या दीडला मागच्या दाराशी या.”

दीडला मागच्या दाराशी मावशी पदर खोचून, पिशवी घेऊन उभ्या होत्या. आतून मात्र त्यांच्यासारखाच झापण्याचा आवाज येत होता. कक्षाने दुपारच्या सत्रासाठी बदली मावशी नेमली होती, असे त्यांनी चालता चालता सांगितले. मूळ मावशींचे दिवसभर झापून घसे बसतात असा विभागाचा अनुभव होता. बदली मावशीचे बोलणे लोकांना जास्त लागट आणि म्हणून जास्त खरे वाटत होते. मावशी हे तिऱ्हाइताबद्दल सांगावे तसे सांगत होत्या, पण पिशवीचे बंद त्यांनी बोटांभोवती घट्ट गुंडाळले होते.

जायचे कुठे हा प्रश्न होता. गल्लीबोळांतल्या सगळ्या बऱ्या जागा संवर्धनाखाली आल्या होत्या. शेवटी दोघे मुख्य चौकात आले. तिथे काचेचे मोठे उपाहारगृह होते. पदार्थांची रंगीत चित्रे, सात भाषा, कडेला छत्र्या, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हात धरून आत ओढायला ठेवलेला एक माणूस. तो माणूस आता स्वतःच एका छत्रीखाली बसून पेंगत होता. तिथे एकही पर्यटक नव्हता, कारण तिथे पर्यटक जातात हे सगळ्या पर्यटकांना ठाऊक होते.

जेवण बरे होते. कोमट, पण बरे. कवळीवाल्यांना जेवणापेक्षा दुसरेच काही लक्षात राहिले. वाढप्याने मावशींपुढे ताट ठेवले तेव्हा मावशींना हात कुठे ठेवावेत ते कळेना. त्या दोनदा उठू लागल्या. कोणीतरी आपल्याला वाढते आहे आणि आपण बसून राहायचे आहे, ही गोष्ट अंगवळणी पडायला त्यांना आठवडा लागला. मग बसवाहक येऊ लागले, मग गल्लीतले आणखी चारदोन जुने जेवणारे. वाढपी त्यांना नावानिशी ओळखू लागला, आणि मावशींनी एकदा स्वयंपाकघरात शिरून पातळ कसे करायचे ते दाखवल्यापासून जेवण गरमही येऊ लागले. कवळीवाल्यांचा कोट पुन्हा अंगासरशी बसला.

तीन महिन्यांनी कक्षाचा अहवाल आला. पाहणीत पर्यटकांनी बदली मावशीला मूळ मावशींपेक्षा अधिक अस्सल ठरवले होते. मूळ मावशी अलीकडे मवाळ झाल्याचे दोन निरीक्षकांनी नोंदवले होते. त्यांना एक महिन्याची सक्तीची रजा देण्यात आली. अधिकाऱ्यांनी पत्र स्वतः आणून दिले आणि दारात उभे राहून, मूळ वस्तूला विश्रांती लागतेच, असे म्हणाले. मावशींनी पत्र वाचून त्याची घडी केली. उभा जन्म एका चुलीपुढे गेला, दुसरे गाव म्हणून बघितले नाही, असे त्या संध्याकाळी कवळीवाल्यांना म्हणाल्या.

कवळीवाल्यांनी प्रशिक्षणात शिकलेली थाप टेबलावर मारली. या वेळी ती जमली. “चला मग,” ते म्हणाले. “माझी भाची राहते तिकडे. चार दिवस जाऊन येऊ.”

भाचीचे शहर लांब होते. भाचीने मामांना आणि मावशींना दोन खोल्या दिल्या, हातात एक नकाशा दिला आणि ती कामावर निघून गेली. दोघांनी सकाळभर पुतळे पाहिले, एक पूल पाहिला, एका बाकावर बसून जोडे सैल केले. दुपार झाली तशी भूक लागली. समोरच हमरस्त्यावर स्वच्छ, हवेशीर उपाहारगृह होते. काही टेबले रिकामी होती, आणि वाफाळलेली ताटे घेऊन वाढपी फिरत होते. मावशींनी काचेतून आत पाहिले आणि नाक मुरडले.

“इथं नको,” त्या म्हणाल्या. “सगळे आपल्यासारखेच बसलेत.”

कवळीवाल्यांना हे लगेच पटले. इतके लगेच कसे पटले याचे त्यांना नवलही वाटले नाही. इथली माणसे जिथे जेवतात तिथेच जायचे, असे ठरवून दोघे मागच्या गल्ल्यांत शिरले. पहिल्या जागी मालक हसून पुढे आला, म्हणून ती सोडली. दुसरीकडे कोपऱ्यात एकाच्या हातात नकाशा दिसला. कवळीवाल्यांनी आपला नकाशा घाईघाईने खिशात कोंबला आणि तीही सोडली. तिसऱ्या जागी सगळे ठीक होते, पण रस्ता जरा सोपा होता. असा दीड तास गेला. ऊन तापले, मावशींच्या टाचा दुखू लागल्या, आणि तेवढ्यात एका उघड्या दारातून कांदा परतल्याचा वास आला.

आत एकच टेबल आणि चार खुर्च्या होत्या. एका खुर्चीवर लहान मुलगी गृहपाठ करत होती. चुलीपुढे एक बाई पाठमोरी उभी होती. भिंतीला ओल आली होती, दोरीवर कपडे वाळत होते, आणि कोणी वळून बघितले नाही. कवळीवाल्यांनी मावशींकडे पाहिले. मावशींचे डोळे पाण्याने भरले होते. दोघे आत जाऊन बसले.

बाई वळली आणि डाव हातात धरून तशीच उभी राहिली. “हे घर आहे,” ती म्हणाली. “आमचं.”

“तेच तर सकाळपासून शोधतोय,” मावशी म्हणाल्या.

बाईने एकदा दाराकडे बघितले, एकदा मावशींच्या सुजलेल्या पायांकडे. भुकेल्या माणसाला उठवण्याचा तिचा स्वभाव नसावा. तिने मुलीला वही उचलायला सांगितले आणि दोन ताटे मांडली. कवळीवाल्यांनी पहिला घास घेतला. तो त्यांनी मोजून चावलाच नाही, सरळ गिळला. मावशींनी भाजीत काय घातले आहे ते तीनदा विचारले आणि बाई सांगायच्या आत कवळीवाल्यांकडून छायाचित्र काढून घेतले. आपण तिघी, असे त्या म्हणाल्या, आणि मुलीला आईच्या शेजारी थोडे सरकून, डाव दिसेल असे उभे राहायला सांगितले.

याच सुमारास दारात एक माणूस येऊन उभा राहिला. कामाचे कपडे, हातांना काळे तेल. दुपारची अर्ध्या तासाची सुटी होती. त्याने बायकोकडे पाहिले, मुलीकडे पाहिले आणि मग ज्या खुर्चीवर कवळीवाले बसले होते तिच्याकडे पाहत राहिला. मावशींनी कवळीवाल्यांना कोपराने ढोसले. अगदी हळू आवाजात त्या म्हणाल्या, की बघा, हा इथलाच दिसतोय.

कवळीवाल्यांनी त्या माणसाकडे पाहून आपुलकीने मान हलवली.

“दोनच मिनिटं थांबा,” ते म्हणाले. “आमचं होतच आलंय.”

माणसाने हातातली टोपी एकदा उलटी केली, एकदा सुलटी केली. मग तो बाहेर जाऊन आपल्याच पायरीवर, उन्हात, उभा राहिला.

कवळीवाल्यांनी आणखी थोडे वाढून मागितले.

हे वाचून कोणालाही त्यांचा राग येणे साहजिक आहे, आणि तो यावाच. फक्त तो येण्याआधी, ते घर नेमके कोणत्या गल्लीत आहे असा विचार मनाला चाटून गेला होता की नाही, हे ज्याचे त्याने तपासून पाहावे.